सरवा वेचणाऱ्या तिघी आणि बारा ट्यूबांची पेटी

तैलरंग शिकायचे म्हणून दुकानात गेलात की काउंटरवर पहिली येते ती बारा ट्यूबांची पेटी. आत ९ मिलीच्या बारा ट्यूब, चार-सहा ब्रश, लाकडी पॅलेट (रंग मिसळायची पाटी), प्लास्टिकची पॅलेट नाइफ (रंग कालवायची बोथट सुरी), तेलाची छोटी बाटली आणि कधी एखादा कॅनव्हास बोर्ड. बऱ्याच कंपन्या ही पेटी काढतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचे नाही, या प्रकारच्या पेटीचे आहे. प्रश्न एकच : एक खरे वास्तववादी चित्र, माणसांसकट, नक्कल करून शिकायचे असेल तर ही पेटी पुरते का?

कसोटीला घेतले आहे फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिले यांचे १८५७ चे चित्र, ‘द ग्लीनर्स’. कापणी झालेल्या शेतात तीन बायका सरवा, म्हणजे मागे पडलेल्या ओंब्या, वेचताहेत. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, आकार ८३.५ × ११० सेंटिमीटर. शिकणाऱ्यासाठी हे निवडायला कारणे आहेत. माणसे तीनच आहेत आणि मोठी आहेत. चेहरे जवळजवळ दिसत नाहीत, म्हणजे सगळा भार शरीराच्या बाकावर आणि उजेड-सावलीवर येतो. रंग मोजके, मातीचे. आणि मिले १८७५ मध्ये वारले, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नाही, मोठ्या आकाराची चांगली छायाचित्रे मोफत मिळतात. (मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालयही १८५७ मध्येच सुरू झाले. तिकडे मिले सरवा वेचणाऱ्यांना रंगवत होते आणि इकडे युरोपीय पद्धतीच्या चित्रकलेचे रीतसर वर्ग भरू लागत होते.)

निकाल आधीच सांगतो : रंगाचा वास, चिकटपणा, वाळण्याचा वेग ओळखायला पेटी ठीक आहे. हे चित्र पुरे करायला ती पुरत नाही, आणि न पुरण्याचे मुख्य कारण पांढरा रंग आहे.

पांढऱ्याचा हिशेब

कॅनव्हास १८ × २४ इंची घ्यायचा. मूळ चित्राचे प्रमाण जवळजवळ ३:४ आहे आणि या कॅनव्हासचे बरोबर ३:४. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर रुंदीला मूळ प्रमाणाने ४६.३ सेंटिमीटर उंची लागते, हातात आहे ४५.७. सहा मिलिमीटर कमी पडतात. ते वरच्या आभाळातून कापायचे, खाली पायांकडून नव्हे. १६ × २० चा कॅनव्हास स्वस्त आणि सहज मिळतो, पण त्याचे प्रमाण ४:५ आहे, त्यात एकतर चित्राच्या बाजू कापाव्या लागतात किंवा बायका ताणल्यासारख्या उंच होतात. १२ × १६ चे प्रमाण बरोबर आहे, पण हातांची बोटे आणि ओंब्या इतक्या बारीक होतात की नवशिक्याचा हात आखडतो.

आता १८ × २४ इंच म्हणजे साधारण २,७८७ चौरस सेंटिमीटर. रंगाचा थर फक्त एक दशांश मिलिमीटर जाड धरला तरी एका हाताला, म्हणजे एका थराला, २८ मिली रंग लागतो. या चित्रात आभाळ वरचा साधारण तिसरा हिस्सा आहे, खाली कापलेले शेत. दोन्ही फिकट, दोन्हींत पांढरा भरपूर. शेताच्या मिश्रणात दोन तृतीयांश आणि आभाळात त्याहून जास्त पांढरा धरला तर एका हाताला वीसेक मिली पांढरा जातो. हात किमान दोन. शिवाय पॅलेटवर वाळून जाणारा, खरडून काढावा लागणारा आणि चुकलेल्या मिश्रणात गेलेला वेगळा. म्हणजे ५० ते ६० मिली पांढरा हवा, आणि पेटीत आहे ९ मिली.

हे गणित न करता सुरुवात केली की काय होते ते कुठल्याही वर्गात दिसते. पांढरा संपत आला की विद्यार्थी नकळत तो टर्पेंटाइनने पातळ करून पुरवू लागतो. शेत जलरंगासारखे पारदर्शक दिसते, खालचा तपकिरी थर वर डोकावतो, आणि जिथे उजेड सर्वांत जास्त हवा त्या खांद्या-पाठीवर रंगाला अंगच उरत नाही. वास्तववादी चित्रात उजेड जाड आणि सावली पातळ असते. पांढऱ्याची कंजूषी केली की हे नेमके उलटे होते.

पांढरा घेताना ट्यूबवरचा पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, कोड वाचायचा. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. टायटॅनियम झाकतो चांगला. झिंक मऊ आणि थंड छटेचा असतो, पण त्याचा थर वर्षांनी ठिसूळ होतो, म्हणून सगळे चित्र झिंकवर उभे करू नये. दोन्हींचे मिश्रण असलेला पांढराही मिळतो, त्यात झिंक कमी असेल तर शिकायला चालतो. कॅमलचे आर्टिस्ट ऑइल रंग सुटे आणि मोठ्या ट्यूबांतही मिळतात, विन्सर अँड न्यूटनच्या विंटन मालिकेत ३७ मिलीच्या ट्यूब येतात. यातली कुठलीही एक मोठी पांढरी ट्यूब पेटीसोबत घेतली नाही तर पेटी घेऊच नये.

बाकीच्या अकरा

बहुतेक पेट्यांत लेमन यलो, गडद पिवळा, यलो ऑकर, नारिंगी, शेंदरी लाल, क्रिमझन, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), एक-दोन हिरवे, एक निळा आणि काळा असतो. या चित्राला लागतात ऑकर, सिएना, अंबर, लाल आणि निळा. म्हणजे पाच. दोन्ही पिवळे, नारिंगी, हिरवे आणि क्रिमझन तसेच राहतात. पेटीची रचना फुले-फळे-निसर्ग डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. मानवाकृतीला मातीचे रंग लागतात, आणि तेच पेटीत सर्वांत कमी.

यलो ऑकर म्हणजे आपली पिवडी आणि लाल मातीचे रंग म्हणजे काव किंवा गेरू, हे लक्षात ठेवले की त्यांचा स्वभाव कळतो. मातीच आहे ती : झाकणारी, न उडणारी, एकमेकींशी सहज जुळणारी. शेताचे मूळ मिश्रण असे धरा : पांढरा ६ भाग, ऑकर ३, बर्न्ट सिएना अर्धा आणि निळ्याचा नाइफच्या टोकाएवढा स्पर्श. निळा नसेल तर शेत पिठल्यासारखे पिवळे होते. निळा जास्त झाला तर हिरवट होते, मग सिएना थोडी वाढवायची. या प्रमाणात ऑकर एका हाताला सहा मिलीच्या आसपास जाते, म्हणजे दुसऱ्या हातापर्यंत ९ मिलीची ट्यूब पिळून संपलेली असते. पांढऱ्यानंतर सुटी घ्यायची दुसरी ट्यूब हीच.

निळ्याची पारख जरूर करा. पेटीवर अल्ट्रामरिन लिहिलेले असेल आणि कोड पीबी २९ असेल तर उत्तम. काही पेट्यांत त्याऐवजी प्रशियन निळा किंवा कोबाल्ट ह्यू येतो. नावापुढे ह्यू असेल तर मूळ पिगमेंटऐवजी दुसऱ्या पिगमेंटने आणलेली छटा आहे असे समजावे. ह्यू असला म्हणजे वाईट असे नाही, पण मिश्रणात तो वेगळा वागतो. प्रशियन तर भयंकर जोरदार रंग आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा शेताच्या मिश्रणात पडला तर अख्खा ढीग हिरवा होतो आणि पुन्हा पांढरा वाया जातो. या चित्रासाठी अल्ट्रामरिनच हवा, कारण अल्ट्रामरिन आणि बर्न्ट अंबर मिळून जो काळपट राखाडी होतो त्यावर तिघींचे निम्मे कपडे उभे आहेत. तोच राखाडी अंबरकडे झुकवला की उबदार, निळ्याकडे झुकवला की थंड. ट्यूबमधला काळा वापरला तर ही सोय जाते आणि सावल्या काजळी फासल्यासारख्या दिसतात. शिवाय आयव्हरी ब्लॅक वाळायला फार वेळ घेतो.

लालचे तसेच. मधल्या बाईच्या डोईचा रुमाल लाल आहे म्हणून पेटीतला शेंदरी थेट ट्यूबमधून लावला की तो चित्राबाहेर उडी मारतो. मूळ रुमाल पाहा : उजेडातही त्यात सिएना आहे, सावलीत तर तो विटकरी तपकिरीच्या जवळ जातो. शेंदरी २ भाग, सिएना २ भाग, सावलीसाठी त्यात अंबर आणि कणभर निळा. डावीकडचीचा निळा रुमाल अल्ट्रामरिन, अंबर आणि पांढरा यांतून येतो, उजवीकडचीचा फिकट पिवळसर रुमाल शेताच्याच मिश्रणातून. तिन्ही रुमाल शेजारी ठेवून एकदमच मिसळले तर तोल राहतो. वेगवेगळ्या दिवशी मिसळले तर प्रत्येक रुमाल आदल्या दिवशीच्या रुमालाशी भांडतो.

कॅनव्हास, तेल आणि टर्पेंटाइन

पेटीतला कॅनव्हास बोर्ड सरावाच्या पट्ट्यांना ठेवा. चित्रासाठी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास घ्या आणि दुकानातच दोन गोष्टी तपासा. एक, तो उजेडासमोर धरा. सुईच्या टोकांसारखे उजेडाचे ठिपके दिसले तर प्रायमर, म्हणजे कापडावरचे अस्तर, अपुरे आहे. दुसरे, कर्ण मोजा. १८ आणि २४ च्या चौकटीचा कर्ण बरोबर ३० इंच यायला हवा, दोन्हीकडून. एक साडेएकोणतीस आणि दुसरा साडेतीस भरला तर चौकट तिरकी आहे, त्यावर काढलेली चौकोनांची जाळी पहिल्या दिवसापासून खोटी. मागे कोपऱ्यांत लाकडी पाचरी असलेली चौकट असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, कारण पावसाळ्यात कापड सैल पडले की त्या हलक्या हाताने ठोकून ताण परत आणता येतो. नुसत्या स्टेपल मारलेल्या पक्क्या चौकटीला तो उपाय नाही.

स्वस्त कॅनव्हासचे प्रायमर तेल पिते. लावताना झळाळणारा अंबर दुसऱ्या दिवशी राखेसारखा कोरडा दिसतो, आणि विद्यार्थ्याला वाटते रंग चुकला, म्हणून तो त्यावर आणखी गडद चढवतो. रंग चुकलेला नसतो, तेल खाली गेलेले असते. आधीच काळजी घ्यायची असेल तर ॲक्रिलिक जेसोचे (अस्तराच्या पांढऱ्या लेपाचे) दोन पातळ हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. २४ तास वाळू द्या आणि २२० नंबरच्या सॅंडपेपरने अगदी हलके घासा. लेबलवर कॅनव्हास तेलाच्या प्रायमरचा आहे असे लिहिले असेल तर मात्र जेसो लावू नका, तो त्यावर धरत नाही.

पेटीतली तेलाची बाटली बहुधा रिफाइंड लिन्सीडची, म्हणजे जवसाच्या तेलाची असते आणि चांगली असते. या एका गोष्टीबद्दल पेटीचे कौतुकच करावे लागेल. ती संपली म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले डबल बॉइल्ड तेल आणू नका. त्यात वाळवणारे क्षार असतात, ते लाकडाला ठीक, चित्रात गडद होत जाते. किराण्यातले खायचे जवसाचे तेलही नको, त्यातला चिकट अंश काढलेला नसतो आणि काही तेलांत टिकवण्यासाठी घातलेली द्रव्ये वाळणेच लांबवतात. टर्पेंटाइन मात्र पेटीत क्वचित असते. चित्रात घालायला कलासाहित्याच्या दुकानातले शुद्ध टर्पेंटाइन, आणि ब्रश धुवायला हार्डवेअरचे मिनरल टर्पेंटाइन चालते. बाटली जुनी असेल तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहा. तासाभराने डाग किंवा चिकटा राहिला तर ते चित्रात घालू नये.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. म्हणून खालचा हात कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा, हा नियम मोडता येत नाही. पहिल्या हातात नुसते टर्पेंटाइन. दुसऱ्यात तेल १ भाग, टर्पेंटाइन २. शेवटच्यात दोन्ही सारखे, तेही गरजेपुरते. उलट केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि काही महिन्यांत भेगा पडतात. मातीच्या अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो एका-दोन दिवसांत वाळतो, म्हणून खालच्या हाताला तोच योग्य. मुंबई-कोकणात पावसाळ्यात याच कामाला दोन-तीन दिवस धरा. आणि वाळवायला कपाटात ठेवू नका. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. उजेडाच्या खोलीत, उन्हाबाहेर, हवा खेळती.

तेलाच्या चिंध्यांबद्दल गांभीर्याने सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

ब्रश आणि नाइफ

पेटीतले ब्रश बहुधा मऊ नायलॉनचे असतात. घट्ट रंग त्यांना ढकलता येत नाही, मग पुन्हा टर्पेंटाइन वाढते. हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, चपटे ब्रश घ्या, २, ६ आणि १० नंबर, आणि गोलसर टोकाचा एक ४ नंबर फिलबर्ट. ओंब्यांसाठी पेटीतलाच बारीक गोल नायलॉन ठेवा, तिथे तो उपयोगी आहे. प्लास्टिकची नाइफ पहिल्याच घट्ट मिश्रणात वाकते. करणीच्या आकाराची, मूठ वर उचललेली पोलादी नाइफ एकदाच घ्यावी लागते. लाकडी पॅलेट कोरी असेल तर ती रंगातले तेल पिते, तिला जवसाचे तेल चोळून दोन दिवस ठेवा. त्याहून सोपे म्हणजे काच आणि तिच्याखाली मध्यम राखाडी कागद. पांढऱ्या काचेवर सगळे रंग जास्त गडद भासतात, आणि चित्र फिकट होत जाते.

प्रत्यक्ष चित्र

छायाचित्राच्या दोन प्रती काढा, एक रंगीत, एक कृष्णधवल. ए-३ कागदावर ३६ × २७.३ सेंटिमीटर, वरचे तीन मिलिमीटर कापून ३६ × २७. त्यावर साडेचार सेंटिमीटरचे चौकोन, आठ आडवे, सहा उभे. कॅनव्हासवर तीन इंचांचे तितकेच. छापील प्रतीत सावल्या फार काळ्या येतात, म्हणून गडद भाग स्क्रीनवरही पाहत जा. कृष्णधवल प्रतीवर विश्वास ठेवा. व्हॅन गॉग यांनी १८८९–९० मध्ये मिले यांच्या चित्रांवरून ज्या नकला केल्या त्या कृष्णधवल प्रतींवरूनच, रंग त्यांनी स्वतःचे घातले. उजेड-सावली पक्की असेल तर रंगाला बरीच मोकळीक मिळते.

कॅनव्हासचा पांढरेपणा मोडण्यासाठी वाटाण्याएवढा बर्न्ट अंबर आणि थोडी ऑकर, दोन चहाचे चमचे टर्पेंटाइनमध्ये कालवून चिंधीने चोळा आणि लगेच पुसा. रंग पाणी जास्त झालेल्या चहासारखा राहिला पाहिजे. वाळल्यावर जाळी आणि आरेखन कोळशाने करा. पेन्सिल नको, ग्रॅफाइट पातळ रंगातून वर्षांनी डोकावते. कोळसा झटकून टाका आणि उरलेली रेघ पातळ अंबरने पक्की करा.

आरेखनात चूक होते ती बहुधा एकाच ठिकाणी : वाकलेल्या दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत. सगळे बायका काढतात, मधला शेताचा तुकडा कुणी काढत नाही. तो तुकडा एक आकार म्हणून आधी काढा. त्याच्या कडा बरोबर आल्या की डावीकडचीची पाठ आणि मधलीचा हात आपोआप जागेवर बसतात. मग ओळंबा लावून पाहा, साधा दोरा आणि त्याला नट बांधला तरी चालतो. प्रत्येकीच्या पावलांवरून आणि जमिनीला टेकू पाहणाऱ्या बोटांवरून उभी रेघ कुठे जाते ते छापील प्रतीवर मोजा आणि कॅनव्हासवर जुळवा. बोटे आणि पावले एकाच जमिनीवर नसली की बाई पुढे कोसळतेय असे दिसते आणि कितीही रंगवले तरी ते सावरत नाही. डावीकडचीने एक हात पाठीवर घेऊन मुठीत ओंब्या धरल्या आहेत. तो हात लहान काढण्याची चूक हमखास होते, कारण तो पाठीवर गोंडस दिसावा असे वाटते. मिले यांनी हात मोठेच काढले आहेत, काबाडकष्टाचे, जड. ते तसेच ठेवा. चेहऱ्यांत डोळे-नाक भरू नका. मधलीचा चेहरा जवळजवळ नाहीच, रुमालाखालचा एक सावलीचा डाग आहे, आणि तो डागच राहिला तर ती खरी वाटते.

दुसऱ्या हाताआधी अंबर आणि पांढऱ्याच्या, गडद ते फिकट अशा, पाच पायऱ्या मिसळून प्लास्टिकच्या पारदर्शक पट्टीवर लावा आणि पट्टी कृष्णधवल प्रतीवर सरकवत जा. इथे चित्राचे गुपित उघडे पडते. सर्वांत गडद दोन पायऱ्या जवळजवळ फक्त तिघींच्या अंगावर आहेत. मागे गंज्या, पेंढ्यांनी भरलेली गाडी, कापणी करणाऱ्यांचा घोळका आणि उजवीकडे लांब घोड्यावरचा मुकादम, हे सगळे वरच्या दोन-तीन फिकट पायऱ्यांत उरकले आहे. शिकणारा त्या लहान माणसांना स्पष्ट दाखवायच्या नादात गडद रेघा मारतो, आणि अर्धा मैल लांबचा मुकादम तिघींच्या डोक्यावर येऊन बसतो. उपाय : मागचे सगळे रंग शेताच्या मूळ मिश्रणातूनच काढा, त्यात निळा-सिएनाचे बोटभर राखाडी वाढवत. त्या ढिगाबाहेरचा एकही रंग मागे जाऊ देऊ नका. मुकादम ठिपक्यासारखा राहिला तरी चालेल, मूळ चित्रातही तो जवळजवळ तसाच आहे, आणि त्याचे ते लांब असणेच महत्त्वाचे आहे.

रंगवण्याचा क्रम आभाळ, मागचे शेत, मग बायका, शेवटी पायाखालची धसकटे. त्वचेच्या सावलीला सिएना २, ऑकर १, अल्ट्रामरिन अर्धा. उजेडाला ऑकर २, शेंदरी अर्धा, पांढरा ३. उजेडाचा रंग सावलीत पसरवून गुळगुळीत करू नका, दोहोंच्या मध्ये तिसरा रंग मिसळून लावा. उतरता तिरपा उजेड मान, खांदे, पाठ आणि हातांवर आहे. तो शेवटी, जाड, ब्रश एकदाच टेकवून. दुसऱ्यांदा त्यावर ब्रश फिरवला की खालचा गडद वर येतो आणि उजेड चिखलतो. धसकटे एकेक काढण्याचा मोह आवरा. १० नंबरच्या चपट्या ब्रशवर घट्ट रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पुसा आणि वाळलेल्या शेतावर वरच्या वर ओढा, कॅनव्हासचे दाणे तेवढे रंग घेतील. मग पुढच्या हातभर पट्ट्यात बारीक ब्रशने वीस-पंचवीस ओंब्या, बस.

दोन-दोन तासांच्या आठ-दहा बैठका धरा, मध्ये वाळण्याचे दिवस वेगळे. एखादा भाग कोरडा पडलेला दिसला तर वाळलेल्या थरावर तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात चिंधीने अगदी पातळ चोळून लगेच पुसा. खरा रंग परत दिसतो आणि मग ठरवा दुरुस्ती हवी की नको.

छापील प्रतीत रंग कॅनव्हासवर कसा बसतो ते दिसत नाही. त्यासाठी खरी जुनी तैलचित्रे जवळून पाहायला हवीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत, साताऱ्याजवळ औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्मा आहेत. बाजूने, उजेड तिरपा येईल असे उभे राहून पाहा. उजेडाचे फटकारे उंच दिसतील आणि सावल्यांतून कापडाचे विणकाम.

तर विकत काय घ्यायचे? पेटी न घेता सुटे घेणार असाल तर टायटॅनियम पांढऱ्याची सर्वांत मोठी ट्यूब, ऑकर २० मिली, आणि सिएना, अंबर, अल्ट्रामरिन, एक लाल या लहान ट्यूब. १०० मिली लिन्सीड, तेवढेच टर्पेंटाइन, वर सांगितलेले ब्रश आणि नाइफ. पेटी घरात आधीच असेल तर पांढरा आणि ऑकर तेवढे आणा. उरलेल्या हिरव्या-नारिंगी ट्यूब पुढच्या फळांच्या चित्रांना ठेवा, झाकणे घट्ट लावून. वाळलेले झाकण पकडीने पिळू नका, ट्यूब फाटते. गरम पाण्यात मिनिटभर धरा.

चित्र वाळले तरी व्हार्निशची घाई नको, सहा महिने ते वर्ष थांबायचे. सही मिले यांची उतरवायची नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नक्कल करणाऱ्यांनाही मूळ सही उतरवायला मनाई आहे, आणि नकलेचा आकार मूळापेक्षा किमान एक पंचमांश लहान किंवा मोठा असावा लागतो. तुमचा कॅनव्हास त्या नियमात आरामात बसतो. मागच्या बाजूला, कापडावर नाही, लाकडी पट्टीवर लिहा : मिले यांच्या १८५७ च्या चित्रावरून, आणि खाली आपले नाव, तारीख आणि वापरलेल्या रंगांची यादी. पाच वर्षांनी एखादा रंग फिका पडला तर कुठला ते त्या यादीवरूनच कळेल.